ताईचे टॉनिक

फ्रेमवाल्यांच्या दुकानावर पाटी नव्हती. आत शिरले की भुशाचा आणि सरसाचा वास यायचा, भिंतीवर पट्ट्यांचे नमुने ओळीने टांगलेले दिसायचे, आणि टेबलावर वाकून काच कापणारा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला एक माणूस मान वर न करता विचारायचा, "लग्नाचा, की गेलेल्याचा?" फोटो कुणाचा, त्यावर पट्टी ठरायची, म्हणून हा प्रश्न. नव्या गिऱ्हाइकाला तो जरा लागायचा. जुनी मंडळी म्हणायची, "लग्नाचाच आहे, पण तुम्ही दोन्हीत धरा."

घरच्या भिंतीवर वडील, काका आणि थोरला भाऊ असे तीन फोटो होते. तिन्ही फ्रेमा फ्रेमवाल्यांच्याच हातच्या. तिघेही पन्नाशी ओलांडून थोड्याच वर्षांत लिव्हरच्या कॅन्सरने गेले. तिघांपैकी कुणी दारूला शिवलेले नव्हते, पण लिव्हर म्हटले की लोक एकमेकांकडे बघून हसतात. "चोरून घेत असतील हो," असे भेटायला आलेलेच जिन्यात बोलत. ते इतके कानावर पडले की एकदा आईने वडिलांच्या खोकल्याच्या औषधाची बाटली उघडून हुंगली होती. वडिलांनी ते पाहिले.

पन्नाशी जवळ आली तशी फ्रेमवाल्यांनी मनाची तयारी केली, म्हणजे एक सुरेख सागाची फ्रेम बनवली आणि कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली. साफसफाईत ती बायकोच्या हाती लागली.

"कुणाची हो ही?"

"ऑर्डर आहे."

बायकोने फ्रेम उलटसुलट केली, भिंतीवरच्या तीन फ्रेमांशी तिचे माप डोळ्यांनी जुळवले आणि सगळे ओळखले. "फोटोची घाई नाही ना? मग त्यात मला आरसा बसवून द्या," ती म्हणाली. फ्रेमवाल्यांनी मुकाट्याने आरसा बसवला. मनातली भीती मात्र जिथल्या तिथे राहिली.

त्या घरातल्या पुरुषांची आणखी एक खोड होती. पंचेचाळिशी आली की ते दुपारपर्यंत गळून जायचे. "आपल्या घरात रक्तच कमी," हे घरचे निदान. ते तपासून बघावे असे कुणाला वाटले नाही, कारण घरात ताई होती. ताई म्हणजे फ्रेमवाल्यांची मोठी बहीण. तिचा जन्म औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभे राहण्यात गेला होता, त्यामुळे अर्धी डॉक्टर ती स्वतःला समजायची आणि उरलेली अर्धी शेजारीपाजारी समजायचे. वडील थकायला लागले तेव्हा तिने लोहाचे टॉनिक आणले. भाऊ थकला, त्यालाही तेच. आता धाकट्याची पाळी होती. सकाळ-संध्याकाळ ती चमचा घेऊन दुकानात हजर. गिऱ्हाईक समोर असले तरी "आ कर" म्हणायची, आणि पन्नाशीचा माणूस आ करायचा. बाटलीच्या तळाशी उरलेले वाया जाऊ नये म्हणून ते ती स्वतः पिऊन टाकायची.

मग फ्रेमवाल्यांच्या उजव्या हाताची बोटे दुखू लागली. पहिल्या दोन बोटांची मुळे सुजली, आणि एके दिवशी काच वाकडी कापली गेली. मरणाची तयारी केलेल्या माणसाला वाकडी काच सहन झाली नाही. तो डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरीणबाईंनी बोटे दाबून पाहिली. कातडीचा तांबूस काळसर रंग पाहून, उन्हात काम असतं का, असे विचारले. दुकानात ऊन शोधायला दिवा लावावा लागतो, हे यांचे उत्तर. घरात कोण कशाने गेले, तेही त्यांनी खोदून विचारले. शेवटी, काही औषध चालू आहे का, म्हणाल्या, तेव्हा फ्रेमवाल्यांनी अभिमानाने पिशवीतून बाटली काढली. बाईंनी ती वाचली आणि लहान मुलापासून काडेपेटी दूर ठेवावी तशी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली.

रक्त तपासले, लिव्हरचे चित्र काढले. निकाल येईपर्यंत फ्रेमवाल्यांना झोप लागेना. ज्याची वाट बघत इतकी वर्षे काढली, ते आता कागदावर येणार होते.

बाईंनी समजावून सांगितले ते असे. शरीरात लोह किती घ्यायचे हे ठरवणारे एक जनुक असते. ते यांच्याकडे बिघडलेले आले होते, एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. त्यामुळे अन्नातले लोह गरजेपेक्षा जास्त आत येत राहते. टाकीचा नळ चालू, आणि बाहेर जायला पाईपच नाही. ते साठते लिव्हरमध्ये, सांध्यांमध्ये. माणूस थकतो. लिव्हर हळूहळू निबर होते, आणि निबर लिव्हरमध्ये कॅन्सरला जागा मिळते. वडील, काका आणि भाऊ बहुधा याच वाटेने गेले असावेत.

"म्हणजे माझंही ठरलेलंच," फ्रेमवाले म्हणाले.

"नाही. असं जनुक असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही. धोका वाढतो, इतकंच. आणि तुमचं लिव्हर सुजलंय, पण निबर झालेलं नाही. वेळेत आलात."

"मग औषध काय?"

"रक्त काढायचं. आधी दर आठवड्याला, मग वर्षातून थोड्या वेळा. नवं रक्त बनताना साठलेलं लोह वापरलं जातं. तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत. आणि ते टॉनिक बंद."

फ्रेमवाल्यांनी टेबलाच्या टोकावरच्या बाटलीकडे पाहिले. मग त्यांना हसू फुटले, आणि ते काही केल्या आवरेना. रक्त कमी म्हणून ज्या घराने बाटल्या रिचवल्या, त्या घराला डॉक्टर सांगत होती, रक्त काढून टाका!

जाताना बाई म्हणाल्या की सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवे. बायकांना पाळी असेपर्यंत निसर्ग सांभाळून घेतो, त्यानंतर नाही.

ताईला सांगणे हे डॉक्टरांकडे जाण्यापेक्षा अवघड निघाले. ती ऐकत गेली तशी तिची मान खाली गेली. तिच्या हातचा चमचा वडिलांच्या, थोरल्याच्या आणि धाकट्याच्या तोंडात गेला होता. डॉक्टर म्हणतात मूळ रोग जनुकाचा, टॉनिकने थोडी भर पडली असेल, असे फ्रेमवाल्यांनी परोपरीने सांगितले. ती हलली नाही. स्वतःची तपासणी करायची नाही म्हणाली; झाला असेल तर होऊ दे, तिच्या पापाला तेवढे तरी प्रायश्चित्त. बायकोने टोमणाही मारून पाहिला, "वन्सं, सगळ्यांना आ करायला लावलंत, आता एका सुईला घाबरता?" तरी नाही.

मग धाकट्याने लहानपणीचे हत्यार काढले. "तू येणार नसशील तर मीही रक्त काढायच्या त्या खुर्चीवर बसत नाही," तो म्हणाला, आणि वर केलेली शर्टाची बाही खाली करून बटण लावले.

ताईने त्याच्याकडे रोखून पाहिले. हा मुलगा पाचव्या वर्षी रुसून दिवसभर पलंगाखाली बसला होता, हे तिला माहीत होते. "मेल्या, तुझ्या हट्टापायी मला मरायचीही सोय नाही," ती म्हणाली आणि चप्पल शोधू लागली.

तिच्याही रक्तात तेच निघाले, पण कमी. बाटलीच्या तळाने फार नुकसान केले नव्हते.

आता दोघे शेजारशेजारच्या खुर्च्यांवर दंड उघडा करून बसतात. पहिल्या वेळी ताई गप्प होती. दुसऱ्या वेळी तिने पलीकडच्या बाईला सगळी हकिगत सांगितली. तिसऱ्या वेळेपासून ती आल्या आल्या साऱ्या खोलीला ऐकू जाईल असे म्हणते, "आमच्या वडिलांनी कधी थेंब घेतला नाही बरं का. आमच्यात हे जन्मतःच येतं." हे सांगताना तिची मान ताठ असते. थोरल्या भावाच्या मुलांना तपासणीला पाठवण्याचे कामही तिने परस्पर अंगावर घेतले आहे, आणि फोनवर ती त्यांना जे बोलते ते ऐकून कुणाची नाही म्हणायची छाती होत नाही.

फ्रेमवाल्यांच्या बोटांची सूज पुरती गेलेली नाही, पण दुपारी ते आता जागे असतात. परवा ताईची रक्ताची पिशवी भरली तरी यांची अर्धीच होती. तिने वाकून पाहिले.

"जेवतानाही असाच वेळ लावायचास," ती म्हणाली. "मी हात धुऊन बसायचे, आणि तुझं आपलं चाललेलंच."

फ्रेमवाले इतके हसले की नर्सला त्यांचा हात धरून ठेवावा लागला.