गुडघ्यामागची शीर

बेळगावात आईच्या गुडघ्याची वाटी बदलली, त्याला तीन आठवडे झाले होते. टाके सुकले होते, पण पोटरी सुजून टणक झाली होती. आमच्या गावी, बाजारकुणंगला, भातलावणीनंतर पोटऱ्या भरून आल्या की कोकमाच्या बियांचं तेल कोमट करून चोळतात. तसं मी चार दिवस चोळलं.

"जरा जोर लाव की गं. नुसती पुस्तकं उचलणारे हात तुझे," आई म्हणायची. मी जोर लावला.

सूज उतरेना, म्हणून जवळच्या रामनगरहून गाडी करून पुन्हा बेळगाव गाठलं. एक्स-रेत सांधा जागेवर होता. डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. तिथं बाकावर सगळ्या पोटुशी बायका, आणि भिंतीवर पाटी: इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. मी ती वाचून दाखवली तशी आई मोठ्यानं म्हणाली, "म्हंजे गुडघ्यात पोरगा हाय का पोरगी, ते कळायचं न्हाई म्हण की!" बायका हसल्या. मीही हसले.

आत डॉक्टरीणबाई मांडीपासून खाली थोड्या थोड्या अंतरावर यंत्र दाबत गेल्या. पडद्यावर शीर काळ्या गोलासारखी दिसत होती. दाबल्यावर गोल मिटला पाहिजे, असं त्यांनी मला सांगितलं. मांडीत मिटत होता. गुडघ्यामागे मिटला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मी पडद्याकडे बघत राहिले. गोल तसाच.

"रक्ताची गुठळी आहे. पायाला कुणी मालिश केलं का?"

मी आईकडे पाहिलं. आईच म्हणाली, "छे वो, कोण करनार? ही तर दिवसभर वाचत बसती."

"करू नका हं. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते."

लगेच दाखल केलं, इंजेक्शनं सुरू झाली. मी बाहेर येऊन मोठ्या डॉक्टरांना खरं ते सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना आईला धाप लागली. नर्स धावत आली, मला बाहेर काढलं. मी दाराच्या काचेतून बघत होते. तासाभरात सगळं संपलं.

"मालिशनंच झालं, असं म्हणता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "नाही झालं, असंही नाही."

बाराव्याला मावशी माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला फक्त गुठळीचं सांगितलं. ती बराच वेळ माझा हात हातात घेऊन होती. मग हळूच म्हणाली, "जरा तेल लावून पाय चोळायचास की गं तिचा."

मी हात सोडवून घेतला नाही.