बाबांची कोठी आणि सरकारचं निशाण

उयाराक म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या एका सामुद्रधुनीच्या मधोमध पडलेला एक खडक. दोन सरकारांना तो एकदमच आवडला, यावरून सरकारांची आवड कळावी. तिथे गवत नाही, पाणी नाही, सुटा दगडसुद्धा नाही. म्हणून तर किनाऱ्यावरच्या वस्तीतल्या ताटेराक शिकाऱ्याच्या वडिलांनी तिकडचे चपटे दगड निवडून, होडीच्या खेपा घालून, तिथे वॉलरसच्या मांसाची कोठी रचली होती. हिवाळ्यात बर्फावरून शिकारीला निघालं की निम्म्या वाटेत ताटेराकची घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचं पोट त्या कोठीवर.

पलीकडच्या सरकारने खडकावर निशाण लावलं, वाऱ्याने ते नेलं. मग दक्षिणेकडच्या आपल्या सरकारने अकरा बैठका घेऊन ठरवलं, की आपणही लावायचं. ऑगस्टात जहाज आलं. खडकात काठी रुतेना. समोर आयते दगड! साहेबलोकांनी कोठी उपसली, काठीभोवती दगड रचले, फोटो काढला आणि गेले. आठवड्याने ताटेराक पोचला, तेव्हा निशाण डौलात उभं आणि मांस अस्वलाच्या पोटात.

वस्तीने बैठक घेतली नाही. कॉफी उकळायच्या आत प्रत्येक होडीने आपल्या शिकारीतला वाटा ताटेराकच्या दारात आणून टाकला. प्रश्न उरला तो मांस ठेवायच्या दगडांचा.

तेवढ्यात जहाज परत आलं. सरकारचे बेंट्सनसाहेब कागद घेऊन ताटेराकच्या घरात शिरले.

"तुमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हे बेट वापरतात, एवढं लिहून द्या. काही पुरावा?"

"होता. दगडांची कोठी."

"वा! कुठेय?"

"तुमच्या काठीच्या बुडाशी."

ताटेराकची बायको रेगी कॉफी ओतता ओतता म्हणाली, "साहेब, आमची कुत्री बरी हो. आपल्याच ताटावर तंगडी वर करत नाहीत."

साहेबांनी घसा साफ केला. "कोठी बांधली कोणी?"

"बाबांनी."

"त्यांना भेटता येईल?"

"हे काय, समोर."

समोर ताटेराकची चार वर्षांची पोर नाक पुसत उभी. आजोबा गेले आणि ही जन्मली. नाव त्यांचंच, आणि नावाबरोबर माणूसही परत येतो अशी इथली समजूत, म्हणून ताटेराक तिला बाबाच म्हणतो. साहेबांनी पोरीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि रकाना मोकळा सोडला.

"बाबा, दगडांचं काय करू?" ताटेराकने विचारलं.

"काढ की," बाबा म्हणाले. "कुत्र्यांना भूक लागेल."

"छे छे! निशाण उतरवायला वरून निर्णय हवा," साहेब दचकले. "समिती बसेल. वसंतापर्यंत कळवू."

"समिती बसेल, कुत्री आडवी होतील," ताटेराक म्हणाला.

सकाळी ताटेराक मांस होडीत भरून उयाराककडे निघाला. मागोमाग जहाजाच्या बोटीतून साहेब. ताटेराकने काठी सावकाश आडवी केली, दगड मोकळे केले आणि जुन्या जागी मांसावर रचायला घेतले.

"अहो, आणि निशाण?"

"तुमचंच आहे ना? मग धरा."

साहेबांनी खरंच धरलं. वाऱ्यात दोन्ही हातांनी काठी कवटाळून, टोपी उडाली तरी हलले नाहीत. ताटेराकने शेवटचा दगड बसवला, वर चढून दोनदा उड्या मारून पाहिल्या. कोठी हलली नाही. कुत्र्यांचा हिवाळा निघणार होता. तो होडीत बसून घरी गेला.