मोरचुदाचा तुटका कोपरा

सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मडिवाळप्पा प्रयोगशाळा परिचर आहेत. कागदावर त्यांचं काम बाटल्या धुणं, टेबलं पुसणं आणि गॅसच्या नळ्या तपासणं एवढंच. पण सहाय्यकाची जागा नऊ वर्षं रिकामी आहे, त्यामुळे रसायनशास्त्राची सगळी द्रावणंही तेच तयार करतात. मुलं त्यांना मामा म्हणतात. अक्षता मॅडम रसायनशास्त्र शिकवतात, त्याही मामाच म्हणतात.

त्यांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, अगदी हद्दीवर. घरात कन्नड, बाहेर मराठी. दहावी झाल्यावर ते एमआयडीसीतल्या टॉवेलांच्या डाईंगमध्ये लागले आणि सोळा वर्षं तिथे सूत रंगवलं. टाकीत हायड्रोची, म्हणजे रंग विरघळवणारी, पावडर पडली की निळा रंग पिवळट हिरवा व्हायचा. सूत बाहेर काढून हवेत झटकलं की बघता बघता पुन्हा निळा. हे असं का होतं, ते तिथे कुणी सांगत नसे. सांगायची गरजही नव्हती. किती वेळ बुडवायचं आणि कधी काढायचं एवढं कळलं की पगार मिळत होता. पण मडिवाळप्पांची नजर त्या टाकीवर तयार झाली. चार छटा पुढे ठेवल्या तर कुठली कालची आणि कुठली आजची, ते बोट ठेवून सांगत.

डाईंग बंद पडलं तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. कॉलेजात लागले, आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता वाचता इंग्रजी शिकले. मॅडम फळ्यावर शिकवत असल्या की हे मागे उभे राहून टेस्ट ट्यूब पुसत ऐकायचे. तेरा वर्षांत अकरावीचा धडा त्यांनी तेरा वेळा ऐकला. नापास होऊन पुन्हा बसणारा पोरगासुद्धा इतक्या वेळा ऐकत नाही, असं निंगव्वा, त्यांची बायको, हसून म्हणायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात कॉलेजने दहावी झालेल्या खेड्यातल्या मुलामुलींसाठी आठ दिवसांचं शिबिर भरवलं. अकरावीला एकदम इंग्रजीतून विज्ञान आलं की ही मुलं गांगरतात, ती आधीच थोडी सरावावीत हा हेतू. शेवटच्या दिवशी पुण्याहून एक प्राध्यापक आले. त्यांनी आधीच निरोप धाडला होता: कोबाल्ट क्लोराइडचं द्रावण करून ठेवा, ॲसिड घालत घालत बरोबर जांभळ्या रंगावर आणा.

मडिवाळप्पांनी सकाळी सातला द्रावण केलं. गुलाबी पाण्यात थेंब थेंब ॲसिड सोडत ते जांभळ्यावर आणून थांबले. बाटली बंद करून टेबलावर ठेवली.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. अकराला वीज गेली, पंखे थांबले. बारा वाजता पाहुणे सर बोलायला उभे राहिले तेव्हा भिंतीवरचा थर्मामीटर एकेचाळीस दाखवत होता आणि समोर चाळीस मुलं वहीने वारा घेत होती.

"आता हे जांभळं द्रावण बघा," म्हणत सरांनी बाटली उचलली आणि थबकले. बाटलीतलं द्रावण निळंशार होतं.

"हे कुणी केलं?"

"मी केलं, सर," मडिवाळप्पा म्हणाले.

"ॲसिड जास्त पडलंय. नाहीतर बाटली नीट धुतलेली नव्हती. मी जांभळं सांगितलं होतं. हे ओतून द्या, दुसरं करा."

बाटली धुतलेली नव्हती, हे शब्द मडिवाळप्पांना टोचले. तेरा वर्षांत त्यांच्या हातची बाटली कुणी परत पाठवली नव्हती. पण ते चिडले नाहीत. डाईंगमध्ये सूत बिघडलं म्हणून ओरडणाऱ्या मास्तरसमोर ते असेच उभे राहत, कारण आपलं काय चुकलंय आणि काय नाही हे त्यांना ठाऊक असे.

"ओतू नका, सर. दहा मिनिटं द्या मला. द्रावण बरोबर हाय, वर्ग गरम हाय."

मडिवाळप्पा खाली उतरले, फाटकाजवळच्या रसवंतीतून बर्फाचा मोठा तुकडा घेऊन आले, फोडून बादलीत टाकला आणि त्यात पाणी घातलं. निळ्या द्रावणातलं थोडं एका नळीत ओतून त्यांनी ती नळी बर्फात धरली. पुढच्या रांगेतली मुलं उठून उभी राहिली. निळं जांभळं झालं, मग जांभळ्यातली निळाई ओसरली आणि नळीत गुलाबी रंग उतरला. नळी बाहेर काढून त्यांनी तळहातांत घट्ट धरली. पाच मिनिटांत परत जांभळं.

"सकाळी सातला हितं सव्वीस डिग्री होतं," ते म्हणाले. "तवा हे जांभळं होतं. आता एकेचाळीस हाय, म्हणून निळं. ॲसिड तेवढंच हाय की."

पाहुणे सर नळी हातात घेऊन बघत होते. मग ते मोकळेपणाने हसले. "माझं चुकलं," मुलांकडे वळून ते म्हणाले. "आमच्या प्रयोगशाळेत एसी असतो. मी हे कायम जांभळंच पाहिलंय. मामांनी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला प्रयोग दाखवला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. द्रावणात दोन प्रकारचे कोबाल्ट आहेत. एकाभोवती पाण्याचे रेणू जमलेत, तो गुलाबी. दुसऱ्याभोवती क्लोराइड, तो निळा. गुलाबी सतत निळा होतोय आणि निळा सतत गुलाबी होतोय. उष्णता मिळाली की निळ्याची संख्या वाढते, काढून घेतली की गुलाबीची. दोन्हीकडे जाण्याचा वेग सारखा झाला की रंग एका जागी टिकतो. यालाच समतोल म्हणायचं.

करकंब गावची सृष्टी नावाची मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. शिबिरात सात दिवस तिने तोंड उघडलं नव्हतं. आता तिने हात वर केला.

"सर, रंग टिकला म्हंजे काम थांबलंच की. दोन्हीकडनं चालूच हाय, हे कशावरनं?"

सरांनी दोन हौदांचं उदाहरण दिलं, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सारखंच पाणी जातंय असं. सृष्टीने मान हलवली, पण खाली बसताना म्हणाली, "पाणी दिसतं, सर. हे दिसत न्हाय."

सरांच्या गाडीची वेळ झाली होती, ते निघाले. मुलं पांगली. मडिवाळप्पा बादली रिकामी करत होते तेव्हा सृष्टी दारातच घुटमळत होती.

"मामा, तुमाला पटलं का?"

"पटलं म्हंजे," मडिवाळप्पा म्हणाले, "तेरा वर्षं ऐकतोय, तर खरंच असणार. पण बघितलं न्हाय मी बी." थोडा विचार करून ते म्हणाले, "तू अकरावीला हितंच येणार हाईस ना?"

"व्हय. वसतिगृहात नाव घातलंय."

"मग ये. बघू आपण."

ते उगीच बोलून गेले नव्हते. त्यांच्या मनात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आला होता. दर हिवाळ्यात ते मोरचुदाचं दाट द्रावण करून दोऱ्याला खडा वाढवत. निळा, काचेसारखा, कडा धारदार. मॅडमनी एकदा शिकवताना म्हटलं होतं की द्रावणात आणखी विरघळेनासं झालं तरी खड्यातले कण सुटत असतात आणि द्रावणातले खड्यावर बसत असतात. मडिवाळप्पांनी हिशेब मांडला: कण खरंच जात-येत असतील, तर मोडका खडा तसाच मोडका राहणार नाही. त्याचा आकार बदलेल. आणि वजन बदलणार नाही.

त्यांनी अक्षता मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मामा, पुस्तकात असं लिहिलेलं आहे. करून बघितलेलं मात्र मला कुणी भेटलं नाही. करा तुम्ही."

मे महिन्यात त्यांनी हात लावला नाही. ऊन उतरलं की मोरचूद आपोआप खड्यावर बसणार आणि वजन फुगणार, हे त्यांना कोबाल्टनेच नव्याने सांगितलं होतं. जूनचे शेवटचे दिवस आले, हवा जरा निवली, कॉलेज भरलं. सृष्टी आली. एके दिवशी सकाळी सातला दोघांनी अंगठ्याएवढा खडा घेतला आणि मडिवाळप्पांनी चिमट्याने त्याचा एक कोपरा मोडला. सृष्टीने "आई गं" म्हटलं, इतका तो देखणा होता.

खडा टिपकागदाने टिपून काट्यावर ठेवला. अठरा पूर्णांक बेचाळीस ग्रॅम. लहान बरणीत मोरचूद आणखी विरघळेनासा झालेलं द्रावण काठोकाठ भरून, दोऱ्याला टांगून खडा आत सोडला आणि झाकण मेणाने बंद केलं. द्रावणाचं तापमान सव्वीस. हे सगळं सृष्टीने चिठ्ठीवर लिहून बरणीला चिकटवलं. बरणी उत्तरेकडच्या खोलीत, जमिनीलगतच्या कपाटात गेली.

मडिवाळप्पांनी सोमवारी सोमवारी कपाट उघडायचं ठरवलं होतं. पहिले दोन आठवडे रोज उघडलं. काही दिसलं नाही. पाचव्या आठवड्यात मोडलेली जागा गुळगुळीत वाटू लागली. सृष्टी म्हणाली, "मामा, मला तर तसंच दिसतंय."

"तुला तसं दिसतंय. मी रंग बघत जन्म घालवलाय. हललंय ते."

सप्टेंबरात एका सकाळी कपाटातला पारा पुन्हा सव्वीसवर आला; तापमान तेच, म्हणजे आता वजन ताडून बघता येणार होतं. अक्षता मॅडमनी अकरावीचा सगळा वर्ग प्रयोगशाळेत बोलावला. मेण खरवडून सृष्टीने खडा बाहेर काढला आणि टिपला. मोडलेल्या जागी नवा कोपरा आला होता. जुन्याइतका टोकदार नव्हता, पण कडा सरळ, पृष्ठभाग चकचकीत. काटा अठरा पूर्णांक पंचेचाळीसवर थांबला, म्हणजे टिपण्यात राहिलेल्या ओलीएवढाच फरक.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजवर मडिवाळप्पांनी जे काही केलं ते दुसऱ्याने सांगितलेलं होतं. इतका रंग, इतकं ॲसिड. हा प्रयोग त्यांचा स्वतःचा होता.

सृष्टी टाळ्या वाजवत नव्हती. ती चिठ्ठी वाचत होती.

"मामा, एक बोलू का? रागवू नका."

"बोल की."

"दुपारी खोली तापत असणार, रातीला निवत असणार. तापल्यावर खडा विरघळला आणि निवल्यावर परत बसला, असं बी झालं असेल. म्हंजे समतोल रोज मोडला आणि रोज जुळला. एका जागी टिकलेला असताना कण जातात-येतात, हे कुठं दिसलं?"

मॅडमनी मडिवाळप्पांकडे पाहिलं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. मडिवाळप्पा खड्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी खडा खाली ठेवला आणि खळखळून हसले.

"खरं हाय. लई बरोबर बोललीस. थोडं तरी तसं झालंच असणार. परत करायला लागतंय."

मॅडमनी त्या संध्याकाळी पुण्याच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, मुलीची शंका रास्त आहे, तापमान जितकं स्थिर ठेवाल तितका प्रयोग खरा. कण जाता-येताना पकडण्याची खरी पद्धत म्हणजे खुणेचे, म्हणजे कुठे गेले ते ओळखता येणारे, अणू वापरणं, पण ते तुमच्या हातात नाही. तुम्ही जे करताय ते सोडू नका.

मडिवाळप्पांनी बर्फविक्याकडून थर्मोकोलची मोठी पेटी मिळवली. तिच्यात वाळू भरली, वाळूत मातीचं मडकं ठेवलं आणि त्यात नव्याने कोपरा मोडलेल्या दुसऱ्या खड्याची बरणी. मध्ये थर्मामीटर. दिवसातून तीनदा सृष्टी येऊन आकडा लिहायची. बाहेर पारा बारा अंश खाली-वर व्हायचा तेव्हा पेटीत अर्धा अंशही हलत नव्हता. हिवाळ्याची थंडी मात्र वाळूतूनही हळूहळू आत शिरली. मग त्यांनी सुरुवातीच्या आकड्यावर पारा परत येईपर्यंत थांबायचं ठरवलं. तो दिवस फेब्रुवारीत आला.

कोपरा या वेळी पूर्ण भरला नव्हता. मोडलेल्या जागेची धार गेली होती, एका बाजूने नवा थर आला होता, एवढंच. वजन तेवढंच.

"थोडाच भरला," सृष्टी म्हणाली.

"थोडाच भरला असं लिही," मडिवाळप्पा म्हणाले. "पहिल्यात जास्त भरला, तो का, ते बी लिही. दोन्ही खडे शेजारी ठेवू."

विज्ञान प्रदर्शनाचा अर्ज भरायला घेतला तेव्हा अक्षता मॅडमनी मार्गदर्शकाच्या जागी स्वतःचं नाव लिहायला नकार दिला. कार्यालयातल्या बाबूने विचारलं, परिचर मार्गदर्शक कसा? मॅडम म्हणाल्या, "अर्जात हुद्दा विचारलेला नाही. नाव विचारलंय." शिक्षणाचा रकाना होता. तिथे काय लिहू, असं सृष्टीने चाचरत विचारलं.

"दहावी," मडिवाळप्पा म्हणाले. "स्पष्ट अक्षरात लिही."

प्रदर्शनात त्यांना तिसरं बक्षीस मिळालं. पहिली दोन दिव्यांच्या आणि मोटारींच्या प्रयोगांना गेली. परीक्षक बाईंनी मात्र त्यांच्या टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळ काढला, वाकून दोन्ही खडे पाहिले आणि सृष्टीऐवजी मडिवाळप्पांना विचारलं, "तुमच्या मते सिद्ध झालं का?"

"सगळं न्हाय, बाई," ते म्हणाले. "खडा मोडका राहात न्हाय आणि वजन सरकत न्हाय, एवढं आमी दोनदा बघितलं. बाकीचं ही पोरगी पुढं शिकून काढंल."

यंदा जुलैपासून अकरावीला समतोलाचा धडा लागला की पहिला तास मडिवाळप्पा घेतात. मॅडम मागच्या बाकावर बसतात. साठ मुलांपुढे उभं राहायला त्यांना पहिल्या दिवशी घाम फुटला होता, दुसऱ्या तुकडीला फुटला नाही. ते फळ्यावर फारसं लिहीत नाहीत. कोबाल्टच्या द्रावणाच्या तीन नळ्या हातात घेतात, एक बर्फात, एक टेबलावर, एक कोमट पाण्यात, आणि मुलांना आधी विचारतात, "सांगा, आता काय व्हायला लागलंय?"