नायिकेच्या झग्यातली बाई

ओपल ट्विचेलला कुणी इस्त्रीवाली म्हटलेलं खपत नसे. "स्टुडिओच्या पोशाखखात्यात असते मी," असं ती मान ताठ करून सांगायची. फाउंटन अव्हेन्यूवरच्या आमच्या आवारात बारा बुटकी घरं. तिचं चौथं, माझं पाचवं. मधली भिंत अशी पातळ, की तिच्या कॉफीचा वास माझ्याकडे आणि माझं घोरणं तिच्याकडे. तेव्हा सांगतोय ते ऐकीव नाही. फार तर भिंतीला कान लावून मिळवलेलं म्हणा.

मी धंद्याने चाचा. समुद्री चाच्यांचा सिनेमा निघाला की स्टुडिओला मागे उभं राहून ओरडायला चाळीस थोबाडं लागत, आणि माझे पुढचे दोन दात पडलेले, म्हणून पहिली हाक मला. मंदीची वर्षं ती. फाटकाबाहेर सूपसाठी रांग, आणि आत आम्ही लाकडी जहाजावर राज्यं लुटतोय!

ओपल मूळची कॅन्ससची. तरुणपणी जत्रेच्या तंबूबरोबर गावोगाव फिरून, ऐंशी फुटी शिडीवरून पाण्याच्या टाकीत उड्या मारायची. जत्रा बुडाली आणि हातात इस्त्री आली.

शुक्रवारी आम्ही कोपऱ्यावरच्या सिनेमाला जायचो. जुलमी गव्हर्नरशी लग्न करण्यापेक्षा समुद्र बरा, म्हणून नायिका जहाजावरून उडी टाकायची तेव्हा थिएटरातल्या बायका श्वास रोखायच्या. ओपल मात्र फुरफुरायची.

"पीवी आहे तो. बायकी केसांचा टोप घातलेला पीवी हॉर्नबी!"

"हळू गं बाई. शेजारची रडतेय."

"म्हणूनच तर जीव जळतो. हात बघ तिचे. दिवसभर डब्यांत मासे भरून आलीय. दोन तास जहाजावरून उडी मारायला आलीय ती, आणि आपण तिला पुरुषाचे गुडघे दाखवतो."

तेव्हाची रीतच तशी होती. नायिकेची धोक्याची कामं चणीने लहान असलेले पुरुष करत, दाढी घोटून. ओपलने उपदिग्दर्शक क्रॉलसाहेबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "बाई, जहाजावर बायकांचं काम किंचाळायचं. ते जमत असेल तर सांगा."

"किंचाळणं मला नाही जमत," ओपल म्हणाली आणि वळली. त्या चालीवरून मी ओळखलं, आता हिला देवसुद्धा थांबवणार नाही.

पुढचे सात रविवार मी भल्या पहाटे लाल ट्रामने तिच्याबरोबर समुद्रावर गेलो. ती धक्क्यावरून उडी मारायची, आणि मी तिचे बूट सांभाळत टोमणे मारायचो. जुन्या पडद्यांचा झगा, खाली तीन परकर. पहिल्या रविवारी झगा छत्रीसारखा उलटा होऊन डोक्यावर गेला. दुसऱ्या रविवारी तिने घेरात शिशाचे गोळे शिवले, तर थेट तळालाच गेली. एका कोळ्याने गळ टाकून वर ओढली.

"सुरमई समजलो," कोळी म्हणाला.

"सुरमई एवढी कटकट करत नाही," मी म्हणालो.

ओठ निळे पडलेले, तरी ही बया विचार करत होती. "शिसं हवंच. नाहीतर झगा वर येतो. पण पाण्यात गेल्यावर ते सुटलं पाहिजे." मग तिने कंबरेशी झगा नुसत्या धावदोऱ्याने जोडला आणि दोऱ्याचं टोक मुठीत ठेवलं. पाण्याखाली हिसका दिला की घेर, परकर, शिसं सगळं तळाला, आणि बाई वर. सातव्या रविवारी ती वर आली ती हसतच. मी टोमण्याऐवजी तिचे बूट पुढे केले.

मग तो दिवस आला. स्टुडिओच्या आवारातला उघडा हौद, मागे रंगवलेलं आकाश, आणि एकाच बाजूने बांधलेलं जहाज. उडीसाठी एकसारखे तीन झगे शिवलेले. भिजलेला झगा वाळवून इस्त्री करायला दिवस जातो, म्हणून संधी तीनच.

पीवीने पहिली उडी मारली. झगा डोक्यावर, केसाळ पाय आकाशाकडे, आणि टोप एकटाच पोहत निघाला. आम्ही चाळीस चाचे पोट धरून लोळलो. दुसऱ्या उडीला झगा तोंडाभोवती गुंडाळला, आणि दोघांनी ओढून पीवीला बाहेर काढलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"तिसरा झगा!" क्रॉलसाहेब ओरडले. "ऊन उतरतंय!"

तिसरा झगा जहाजाच्या शिडीवरून स्वतःच चालत वर आला. आत ओपल होती. इस्त्री करता करता तिने रात्रीच त्याच्या घेरात शिसं आणि कंबरेला धावदोरा घातला होता.

"उतरव तो!"

"पाठीला चाळीस हूक आहेत, साहेब. अर्धा तास लागेल. ऊन थांबेल का?"

साहेबांनी आकाशाकडे पाहिलं, मग पीवीकडे. काठावर बसून पाणी ओकत पीवी म्हणाला, "तिलाच मारू द्या उडी. मी काही पुन्हा जात नाही."

ती कठड्यावर चढली. एक क्षण उभी राहिली, खऱ्या राजकन्येसारखी नव्हे, लग्न मोडून निघालेल्या बाईसारखी. आणि सुटली. झगा पायांशी चिकटलेला, मान वर, पाण्यात सुरी जावी तशी. मग पाणी मिटलं. मी मोजत होतो. बारा, तेरा, चौदा. माझा हात पट्ट्यावरच्या लाकडी तलवारीवर घट्ट झाला, जसं काही मी त्या तलवारीने पाणी कापणार होतो.

एकोणिसाला डोकं वर आलं. घेर तळाला, दोरा तिच्या मुठीत.

"झालं! चला आवरा," साहेब म्हणाले. कारकुनाने दिवसाच्या कामाच्या कागदावर सवयीने लिहिलं: नायिकेची उडी, पी. हॉर्नबी. माझा चाच्याचा कोट पांघरून ओपल निथळत त्याच्यासमोर उभी राहिली.

"नाव चुकलंय."

"उद्या बघू, बाई."

ती हलली नाही. पायांखाली पाण्याचं थारोळं साचलं. दिवे विझवणारे थांबले, चाचे थांबले. शेवटी क्रॉलसाहेबांनी पेन हिसकावून नाव खोडलं आणि तिचं लिहिलं.

"आणि तो दोऱ्याचा टाका पीवीला शिकव," ते गुरगुरले. "पुढच्या महिन्यात दुसरं जहाज आहे."

"टाका माझा आहे, साहेब," ओपल म्हणाली. "हवा असेल तर टाक्याबरोबर मीच येते."

साहेबांनी पीवीकडे पाहिलं. पीवीने ओला टोप काढून तिच्या हातात दिला.