आठशे फुटांवर डोळा लागला

आमच्या लाँड्रीत तिला सगळे चौघडी म्हणतात. चादरीची चौपदरी घडी घालावी तर तिनेच. काठाला काठ असा लागतो की फूटपट्टी लावून बघा. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण अकरा वर्षं त्या चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात आहे. हॉटेलांच्या मोठ्या चादरींची घडी एकटीने होत नाही. दोन कोपरे एकीने धरायचे, दोन दुसरीने, ताणायचं, झटकायचं आणि एकमेकींकडे चालत यायचं. दिवसातून चारशे वेळा मी तिच्या तोंडासमोर जाऊन उभी राहते. त्यामुळे तिच्या डोळ्यांखाली काळं कधी धरलं आणि ते कधी वाढलं, हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळलं.

थकले थकले असं आपण सगळेच म्हणतो आणि तासभर आडवं झालो की पुन्हा उभे राहतो. तिचं तसं राहिलं नव्हतं. चादर ताणताना अलीकडे तिच्या हातातून कोपरा सुटायला लागला होता. तिच्या सासूबाईंना दोन वर्षांपासून रात्र कुठली, दिवस कुठला, हे भान नव्हतं. त्या जन्मभर शाळेत शिकवायच्या, कडक म्हणून नाव होतं. दिवसा एक पगारी बाई त्यांच्यापाशी असायची, रात्री मात्र ही एकटीच. रात्रीतून चार-पाच वेळा उठून त्या शाळेला निघायच्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय तसाच, हात दाराच्या कडीवर. अडवलं की सुनेलाच विचारायच्या, "तू कुठल्या वर्गातली गं?" मग त्यांना समजावून, पाणी पाजून निजवायचं आणि स्वतःचा डोळा लागतोय तोवर पुन्हा हाक.

नवरा बंदरात क्रेन चालवतो. माणूस वाईट नाही, पण एकदा झोपला की कानाशी ढोल वाजवला तरी कूस बदलायचा नाही. मुलगी लग्न होऊन गेलेली. धाकटा दीर आणि जाऊ त्याच शहरात, तीन बसथांबे सोडून राहायचे. दोघांचं म्हणणं एकच, "आई तुमच्याकडेच रमते, वहिनी."

"रमते म्हणे," चौघडी चादर झटकताना मला म्हणायची. "रोज पळून जायला बघतात त्या, आणि म्हणे रमते."

त्या वर्षी तिला लाँड्रीत पंचवीस वर्षं पूर्ण झाली. पूर्वी पंचवीस वर्षांना भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. पण मालकांनी कारभार लेकीच्या हातात दिला होता आणि धाकट्या मालकीणबाईंचं मत असं की माणसाला वस्तू देऊ नये, अनुभव द्यावा. म्हणून सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून त्यांनी तिला एक पाकीट दिलं. आत तिकीट होतं. शहराच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून एक टेकडी आहे. तिथून लोक मोठ्या तिकोनी पंखाखाली स्वतःला टांगून घेतात आणि उडतात. त्याला हँग ग्लायडर म्हणतात. नवख्या माणसाला एकटं सोडत नाहीत, शेजारी शिकलेला पायलट असतो. असं जोडीने एकदा उडायचं ते तिकीट.

चौघडीने ते उलटसुलट करून पाहिलं. "घड्याळच बरं होतं," ती माझ्या कानात म्हणाली. इस्त्रीच्या यंत्रावरचा म्हातारा म्हणाला, "खिळा ठोकून भिंतीवर लाव, झालं घड्याळ." सगळे हसले. तिने ते लेकीला द्यायचं ठरवलं, पण तिकिटावर हिचंच नाव छापलेलं. महिनाभर धाकट्या मालकीणबाई दिसल्या की विचारायच्या, "मग, कधी उडताय?" शेवटी त्या म्हणाल्या, "भरपगारी सुट्टी देते, आणि सोबत हिलाही न्या." म्हणजे मला.

"सुट्टी मिळतेय ना," चौघडी म्हणाली. "मग जाऊ. जाताना बसमध्ये बसायला तरी मिळेल."

त्या दिवशी बाईची रजा, म्हणून सासूबाईंपाशी तिची लेक येऊन बसली. आम्ही दोघी सकाळच्या बसने निघालो. हिने लेकीची ट्रॅक पँट घातली होती, ती घोट्यावर आखूड होत होती. खिडकीशी बसल्या बसल्या हिचं डोकं काचेला टेकलं. पण दर थांब्याला ती दचकून विचारायची, "काय झालं? कुणी हाक मारली?"

टेकडीवर वारा असा की बोललेलं तोंडातच राहावं. पायलट पंचेचाळिशीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा गृहस्थ होता. तो पंखाच्या नळ्या, तारा, चाकं एक एक करून तपासत होता. चौघडी सरळ जाऊन पंखाचं कापड दोन बोटांत धरून चोळायला लागली.

"हे धुता कसं हो?"

"धुवत नाही, ताई. पुसतो फक्त."

"तरीच," ती म्हणाली. त्यावर तो पहिल्यांदा हसला.

मग त्याने समजावलं. समुद्रावरून येणारा वारा टेकडीवर आपटतो आणि वर चढतो, त्याच वाऱ्यावर पंख तरंगतो. उतारावरून दोघांनी बरोबर पळायचं आणि काही झालं तरी मध्ये थांबायचं नाही. हवेत गेलं की पाय मागे घेऊन जाड कापडाच्या खोळीत घालायचे आणि पालथं पडून राहायचं. उतरताना खाली वाळूत, चाकांवर.

"पळता येईल ना?" त्याने विचारलं.

"बस पकडायला पळते तेवढं येतं."

"तेवढं पुरे."

दोनदा जमिनीवरच पळून सराव झाला. पट्टे आवळताना मी तिचा चेहरा पाहत होते. भीती असेल असं वाटलं होतं, पण ती जांभई देत होती. पायलटने हाक दिली, दोघं पळाली. तिचे ते दिवसभर उभं राहून सुजणारे पाय चार, पाच, सहा पावलं पळाले आणि सातव्याला खाली जमीनच नव्हती. पंख उचलला गेला, उजवीकडे वळला आणि आमच्या डोक्यावरून सरकत समुद्रावर गेला. मी ओरडले. ती ओरडली नाही.

यापुढचं मला पायलटने सांगितलं आणि काही तिने.

वर गेल्यावर त्याने नेहमीप्रमाणे एक एक दाखवायला सुरुवात केली. तो बंदराचा धक्का, त्या क्रेन, ते दीपगृह. तिने नवऱ्याची क्रेन शोधली, सगळ्या सारख्याच दिसल्या. मग आमची लाँड्री दिसली. धुराड्यातून वाफ निघत होती आणि गच्चीवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग होती. "त्या चादरी," ती म्हणाली. "उद्या त्यांच्या घड्या मला घालायच्यात." पायलटने सांगितलं, आपण आठशे फुटांवर आहोत. वारा एकसारखा होता, पंख जराही हलत नव्हता. तो शहरातल्या पुलाबद्दल काहीतरी सांगत होता. दोनदा विचारलं, "दिसला का?" त्याने मान वळवली. हिचे डोळे मिटलेले, गाल खांद्यावर टेकलेला, तोंड किंचित उघडं.

बेशुद्ध पडली असं वाटून त्याने तिचा खांदा हलवला. तिने डोळे न उघडता "हं" केलं आणि मान दुसरीकडे केली. थोड्या वेळाने घोरण्याचा बारीक आवाज यायला लागला.

"एवढ्या वर्षांत लोक ओरडले, रडले, एक जण माझ्या अंगावर ओकला," तो मला नंतर म्हणाला. "झोपलं कुणी नव्हतं."

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी जीपने खाली किनाऱ्यावर येऊन वाट बघत बसले होते. उड्डाण पंधरा मिनिटांचं असतं. वीस झाली, पंचवीस झाली. जीपचा ड्रायव्हर वॉकी-टॉकीवर सांगत होता, पुढचं गिऱ्हाईक वर खोळंबलंय. तिकडून पायलटचं एकच, "वारा चांगला आहे, थांबा." ड्रायव्हर मला म्हणाला, "सरांना आज काय झालंय कळत नाही." तो तिकोनी ठिपका टेकडीच्या कडेने जायचा, वळायचा, परत यायचा. मी देवाचं नाव घेत होते.

शेवटी वारा पडायला लागला आणि उतरणं भाग पडलं. पायलटने तिला हळूच सांगितलं, "ताई, उतरायचंय." ती म्हणाली, "आले आई, आले," आणि घरी अंथरुणातून उठते तशी उठायला लागली. खोळीत पाय झाडले, हात पट्ट्यांकडे गेले. पंख एका बाजूला कलला. पायलटने एका हाताने पंख वळवायचा दांडा धरला, दुसऱ्याने तिचं मनगट पकडलं आणि ओरडला, "अहो उठू नका! आपण हवेत आहोत!"

तिने डोळे उघडले. खाली समुद्र. "अगं बाई," ती म्हणाली. उतरेपर्यंत पुन्हा हलली नाही.

वाळूत चाकं घसटत ते थांबले. मी धावत गेले. तिच्या गालावर पट्ट्याचा वळ उठला होता. मला वाटलं लागलंय, म्हणून मी हात लावला, तर म्हणाली, "किती वाजले? आई उठल्या का?" मग तिला सगळं आठवलं आणि ती ओशाळली. पायलटला म्हणाली, "तुमचा वेळ फुकट घालवला. मी काही बघितलंच नाही."

"पुन्हा या," तो म्हणाला. "तिकीट नको."

"नको. पुन्हा झोपच लागेल."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "भीती नाही वाटली?" "वाटली की. पण मग वाटलं, इथे मला कुणी हाक मारू शकत नाही. मारली तरी जाता येणार नाही. एवढंच आठवतंय बघ."

पंखाला छोटा कॅमेरा होता. पायलटने व्हिडिओ पाठवला. पुढच्या रविवारी दुपारी तिच्या घरी सगळे तो बघायला जमले. दीर, जाऊ, लेक आली होती, मलाही बोलावलं. सासूबाई खिडकीशी बसून टाचणीच्या डोक्याएवढ्या अक्षरात जुन्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. फोनच्या पडद्यावर समुद्र, शहर, निळं आभाळ आणि मधोमध तोंड उघडं टाकून घोरणारी चौघडी. दीर तर हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. "वहिनी, लोक तिथे जीव मुठीत धरतात, आणि तुम्ही!" आम्हीही हसलो. तीही हसली.

नवरा हसत नव्हता. त्याने फोन हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. क्रेन चालवणारा माणूस तो, उंचावर काय होतं ते त्याला ठाऊक. तिने "आले आई, आले" म्हणून पाय झाडले, तिथे त्याने फोन थांबवला.

"रोज असंच म्हणतेस?" त्याने विचारलं.

लेक म्हणाली, "बाबा, चार वेळा. कधी पाच. मी इथे राहायला आले की ऐकते ना."

तो भावाकडे वळला. "पुढच्या शनिवारी आईला तुझ्याकडे आणतो."

"अरे पण आईला आमच्याकडे—"

"रमेल," तो म्हणाला. "नाही रमली तरी ठेव."

त्यावरून बरीच खडाजंगी झाली. जाऊ म्हणाली, आमचं घर लहान. दीर म्हणाला, मला सकाळी लवकर जायचं असतं. चौघडी मध्येच उठून चहा ठेवायला गेली, तेव्हा नवऱ्याने तिला हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतः गेला. चहा अगदीच पाणचट झाला होता. सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला.

शनिवारी सासूबाई गेल्या. चौघडीला पहिल्या रात्री झोप आलीच नाही. कडीचा आवाज येईल म्हणून ती छताकडे बघत पडून राहिली, असं तिने सोमवारी सांगितलं. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री झोपली ती सकाळी नवऱ्याने हलवल्यावरच उठली. नवव्या दिवशी दिराने आईला परत आणून सोडलं. जावेने हात टेकले होते. पुन्हा भांडण, पुन्हा बैठक, आणि शेवटी ठरलं ते असं की गुरुवार ते शनिवार सासूबाई धाकट्याकडे, बाकीचे दिवस इकडे. इकडे असतात तेव्हा पहिल्या दोन हाकांना नवरा उठतो, म्हणजे चौघडी त्याला कोपराने ढोसून उठवते. हे काही फार नाही. तिच्या डोळ्यांखालचं काळं अजून गेलेलं नाही, आणि मी रोज जवळून बघते म्हणून सांगते, ते जाईलसं वाटत नाही. पण चादर ताणताना आता तिचा हात सुटत नाही.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी लाँड्रीच्या फाटकाशी जाऊ येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे लाल. आम्ही जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो होतो. ती म्हणाली, "ताई, शेजारणीला बसवून आलेय. आई सकाळपासून माझ्या हातचं काही खात नाहीत. मला सारखं विचारतात, गृहपाठ केलास का. मी काय सांगू?"

"केला म्हणायचं," चौघडी म्हणाली. "आणि वही दाखवायची. कुठलीही. मग जेवतात."

जावेने मान डोलावली, पण ती गेली नाही. फाटकाशेजारी लाकडी बाक आहे, त्यावर ती बसली. चौघडीही तिच्या शेजारी बसली आणि आपला डबा मध्ये ठेवून उघडला. सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत दोघी जेवत होत्या.