डोंगर माझा, हत्ती तिचे

साउथहॅम्प्टनमध्ये चढ शोधावा लागतो. बंदराचं गाव, सगळं सपाट. त्यामुळे किलिमांजारोवर जायचं ठरल्यावर मी सराव केला तो एका बहुमजली कार पार्कच्या जिन्यात. पाठीवर सॅक, सॅकमध्ये दहा किलो कणकेची पिशवी, आणि सात मजले वर, सात मजले खाली. तिसऱ्या शनिवारी तिथल्या सिक्युरिटीवाल्याने अदबीने विचारलं, की सर, तुमची गाडी सापडत नाहीये का? मी त्याला आफ्रिकेतल्या सर्वांत उंच पर्वताबद्दल सविस्तर माहिती दिली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि लिफ्ट कुठे आहे ते दाखवलं.

हा प्रवास म्हणजे मुळात एका सुट्टीत कोंबलेल्या दोन इच्छा. डोंगर माझा. कॉलेजात असताना मी पुण्याहून दर रविवारी कुठला ना कुठला गड गाठायचो, आणि पन्नाशीच्या आत एकदा तरी मोठा डोंगर चढायचा असं मनाशी ठरवलं होतं. मनाशी ठरवून थांबलो असतो तर बरं, मी ऑफिसातही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हत्ती तिचे. ती म्हणजे माझी बायको, इथल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. तिला मोकळ्या रानातले हत्ती बघायचे होते, कळपाने, पिल्लांसकट. लग्न झाल्यापासून ती हे सांगत होती, आणि लग्न झाल्यापासून आमची प्रत्येक सुट्टी कुणाच्या तरी लग्नामुंजीत जात होती. एकदा तर सफारीचं बुकिंगही झालं होतं. नेमकं माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बायकोने बुकिंग रद्द केलं आणि पुण्याला येऊन तीन आठवडे सासूला वॉकर धरून चालवलं. त्यानंतर हत्तींचा विषय तिने काढला नाही. तो ती काढत नाहीये, हे माझ्या लक्षात यायलाच दोन वर्षं लागली.

म्हणून मग मी हा तोडगा काढला: सात दिवस डोंगर, चार दिवस सफारी, एकाच विमानाच्या तिकिटात दोन्ही. तिच्या ड्यूटीच्या रोटामधून मोठ्या मुश्किलीने चौदा दिवस सुटले. अट एकच होती, आणि ती टूर कंपनीच्या कागदावर बारीक अक्षरात होती. अभयारण्याचे परवाने तारखेवारी काढलेले असतात. डोंगरावर कुणी आजारी पडलं, हॉस्पिटलात न्यावं लागलं, तर जीप थांबत नाही. सफारी बुडाली ती बुडाली.

बायकोने ते बारीक अक्षर वाचलं. ती सगळंच वाचते. मग मला म्हणाली, "वर काही व्हायला लागलं तर त्याच दिवशी मला सांगायचं. दुसऱ्या दिवशी नाही." मी टोस्ट खात होतो. तोंड भरलेलं असल्यामुळे मान हलवली. कायद्याने ते वचन धरतात की नाही, माहीत नाही. आमच्या घरी धरतात.

तिने सराव केला नाही. ती सायकलने कामाला जाते आणि दहा-दहा तास ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहते, तेवढं पुरेल म्हणाली. मी मनातल्या मनात तिची काळजी केली.

डोंगराचा पहिला दिवस जंगलातून होता आणि माझा फार छान गेला. आमचा मुख्य गाइड माझ्याच वयाचा, सावकाश बोलणारा माणूस होता. तो सगळ्यांत पुढे अशा चालीने चालायचा, की वाटावं, हा कुठल्या तरी मिरवणुकीत आहे. त्याच्या मागे पाऊल टाकायचं, त्याला ओलांडायचं नाही, एवढा एकच नियम त्याने सांगितला होता. आता सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे कसं जमावं? आपल्याकडे गड म्हणजे सकाळी झपाझप चढायचा, माचीवर पोचून मागच्यांची वाट बघत बसायचं, ते धापा टाकत आले की "काय रे, एवढा वेळ?" म्हणायचं, पिठलं-भाकरी खायची आणि संध्याकाळच्या गाडीने घरी. उंचीवर हवा विरळ असते हा प्रश्नच त्यात येत नाही. मी दोन दिवस गाइडला ओलांडून पुढे गेलो आणि कॅम्पवर पोचून बायकोची वाट बघत बसलो. ती आली की "एवढा वेळ?" म्हणायचो. ती बूट सोडायची आणि चहा मागायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझं डोकं दुखायला लागलं.

संध्याकाळी जेवणाच्या तंबूत गाइडची एक पद्धत होती. तो वही उघडून प्रत्येकाच्या बोटाला ती ऑक्सिजन मोजायची चिमटी लावायचा, आकडा लिहायचा आणि मग विचारायचा: डोकं कसं आहे, जेवण गेलं का, झोप लागली का. डोक्याबद्दल खोटं बोलणं सोपं होतं. आकड्याचं काय करायचं? तर त्यावर माझ्याकडे उपाय होता. लॉकडाऊनमध्ये मी कोथरूडहून चालणाऱ्या प्राणायामाच्या ऑनलाइन वर्गाला नियमाने बसलो होतो. मी जेवायला जाण्याआधी आमच्या तंबूत पाच मिनिटं एकटा बसून खोल श्वास घेतले, मग गाइडसमोर बसूनही गुपचूप चालू ठेवले. चिमटीवरचा आकडा बघता बघता चढला. नव्वद. गाइड वहीत लिहिता लिहिता म्हणाला, व्हेरी स्ट्राँग. बायकोचा आकडा पंच्याऐंशी आला होता. मी तिला धीर दिला.

हे मी कुणासमोर करत होतो ते लक्षात घ्या. जी बाई वीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटाला तीच चिमटी लावून दिवसभर तोच आकडा बघत बसते, तिच्या समोर.

स्वतःला मी असं समजावलं, की हे तिच्याचसाठी आहे. आत्ता बोललो तर सगळं विस्कटेल, तिची सफारी जाईल. खरं कारण असं, की ऑफिसच्या ग्रुपवर मी जिन्यातले फोटो टाकले होते.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही शेवटच्या कॅम्पवर पोचलो. त्या जागेचं नाव बराफू, आणि तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ बर्फच आहे, हे ऐकून एरवी मी दोन विनोद तरी केले असते. मी तंबूत जाऊन आडवा झालो. शिखराकडे त्याच रात्री निघायचं होतं. मला जाग आली तेव्हा बायको शेजारी मांडी घालून बसली होती आणि माझ्या बोटाला चिमटी होती.

झोपेत माणूस प्राणायाम करत नाही.

"बासष्ट," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, पेशंटशी बोलतात तसा. "डोकं कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून."

तिने चिमटी काढली नाही.

"परवापासून," मी म्हणालो.

"उलटी?"

"एकदाच. टॉयलेटच्या तंबूत."

तिने मला बाहेर आणलं. गाइडला बोलावलं. जमिनीवर काठीने एक सरळ रेघ ओढली आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत त्या रेघेवरून चालायला सांगितलं. दोन वर्षांच्या पोराला जमेल असं काम. तीन पावलं टाकली आणि चौथ्याला मी गाइडच्या अंगावर गेलो. मी म्हणालो जमीन उतरती आहे. गाइडने जमिनीकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्या दोघांनी माझ्याशी चर्चा केली नाही. दुसरा गाइड सॅक पाठीला लावून पाच मिनिटांत तयार होऊन आला.

मी गृहीत धरलं होतं, की ती माझ्याबरोबर खाली येणार. डोंगर तिला नकोच होता, ती माझ्यासाठी आली होती. मी तसं म्हणालोही. म्हणालो, चल, दोघं उतरू, खाली आराम करू.

ती माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढत होती. म्हणाली, "दोन तासांत तू हजार मीटर खाली असशील. तिथे डोकं थांबायला पाहिजे. थांबलं नाही तर रेडिओवर सांगायचं, मी लगेच निघते. आणि या वेळी खरं सांगायचं."

"आणि थांबलं तर?"

"तर इथवर आलेय, वर काय आहे ते बघून येते." मग चेन सोडून म्हणाली, "मी नऊ वर्षं वाट बघितलीय. तुला हॉस्पिटलात बसून माझे हत्ती घालवायचेत का?"

नऊ वर्षं. ती मोजत होती, हे मला माहीत नव्हतं.

मी उतरलो. उतरताना पाय कसे पडत होते हे सांगण्यासारखं नाही, दुसऱ्या गाइडने मला बहुतेक दंडाला धरूनच नेलं. पण खालच्या कॅम्पवर पोचेपर्यंत डोक्यातला तो घण थांबला आणि मला चक्क भूक लागली. रेडिओवर विचारणा झाली तेव्हा मी सांगितलं: डोकं थांबलंय, पाय अजून थोडे कापतायत, सूप दोन वाट्या घेतलं. पायांचं सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. पलीकडून ती फक्त "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. नाक सोललेलं, ओठ फुटलेले, चालीत घाई नाही. मी चहा घेऊन उभा होतो. तिने चहा प्यायला, शिखरावर जाऊन आले म्हणाली, आणि तंबूत जाऊन झोपली. कसं होतं, हे मी विचारलं नाही. तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं, की ती दमलेली आहे. खरं तर मला ऐकवलं नसतं.

ती झोप तिला पुरली नाही. हॉटेलात झोपली, जीपमध्ये बसताच झोपली. तारांगिरे अभयारण्याच्या फाटकातून आमची जीप ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी आत शिरली तेव्हा ती मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली होती. अर्ध्या तासाने वळणावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. डावीकडच्या झाडीतून हत्ती येत होते. एक, मग चार, मग मी मोजायचं सोडलं. पिल्लं मधे, आयांच्या पायांत पाय घालत.

मी तिच्या कोपराला हात लावला. ती जागी झाली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे. हळूच उभी राहिली आणि उघड्या टपाची कड दोन्ही हातांनी धरली.

कळप रस्ता ओलांडून पाण्यावर गेला आणि तिथेच रेंगाळला. एक पिल्लू चिखलात बसलं ते उठेना. त्याची आई त्याला सोंडेने ढोसत होती, तरी ते ढिम्म. बायको आवाज न करता हसत होती. तिचे खांदे हलताना मला दिसत होते. मागच्या दोन जीपा थोड्या वेळाने वळल्या आणि निघून गेल्या. आमच्या ड्रायव्हरच्या रेडिओवर खरखर झाली. तो मागे वळून हलक्या आवाजात म्हणाला, की पुढे तीन मैलांवर झाडावर सिंह आहे. सिंह थांबत नसतात, जायचं असेल तर आत्ता.

शिखराचा फोटो माझ्याकडे नव्हता. ग्रुपवर टाकायला झाडावरचा सिंह म्हणजे काही कमी नव्हता.

बायकोने खाली वाकून विचारलं, "तुला सिंह बघायचाय?"

छे, मला काय करायचाय सिंह, हे वाक्य तोंडात तयार होतं. अशी वाक्यं माझ्या तोंडात कायमच तयार असतात.

"बघायचाय," मी म्हणालो. "खूप बघायचाय."

तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मग दहा मिनिटं थांब," म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडे वळली.

मी तिच्या शेजारी उभा राहिलो. थोड्या वेळाने विचारलं, वर कसं होतं. ती हत्तींवरची नजर न काढता सांगत गेली: पहाटेची थंडी, पाण्याच्या बाटलीत झालेला बर्फ, उजाडल्यावर खाली दिसलेले ढग, आणि शिखरावरच्या पाटीपाशी उभी असताना तिला आलेलं रडू. पिल्लू उठलं, पडलं, पुन्हा उठलं. ती दहा मिनिटं म्हणजे सव्वा तास झाला, आणि आम्ही झाडापाशी पोचलो तेव्हा तिथे फांदी होती, सावली होती, आणि वाळूत इतर जीपांच्या चाकांचे माग होते.