लार्ज म्हणजे अहो-जाहो

"ताई, त्यांला बिग नका लिहू. वय झालंय त्यांचं."

वाळूजच्या कारखान्यातला माझा तिसरा दिवस होता. मी युनिफॉर्मच्या मागणीची यादी कॉम्प्युटरवर भरत होते आणि स्टोअरचे काका माझ्या खुर्चीमागे उभे होते. बिग आणि लार्ज यांत फरक काय, हे इंग्रजी शाळेत मला कधी कुणी विचारलं नव्हतं. काकांना तो पक्का ठाऊक होता.

"बिग म्हणजे अरे-तुरे झालं. लार्ज म्हणजे अहो-जाहो."

रोज फुलंब्रीहून येणारा हा किडकिडीत माणूस कुणाची छाती मोजत नसे. नोकरीची वर्षं विचारी आणि शब्द ठरवी. नव्याला लिटल, कारण तो मायेचा. निवृत्तीला आलेल्याला लार्ज. स्मॉल त्यांनी कुणालाच लिहिलं नाही. "माणसाला स्मॉल म्हणत असतेत व्हय?"

औरंगपुऱ्यातला टेलर बिचारा यादीतला शब्द वाचून कापड कापी. मग आमच्या शेडमध्ये काय दिसत असेल, ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. पैलवानासारखा नवा वेल्डर श्वास रोखून काम करी. बॉयलरवरचे काटकुळे मामा बाह्या चारदा दुमडत, तरी शर्ट गुडघ्यापर्यंत येई. तक्रार कुणाचीच नव्हती. एकाचा बिगचा लार्ज झाला, तेव्हा त्यानं पेढे वाटले.

मला सगळं दिसत होतं, पण मी गप्प राहिले. तशी मी तिथं कुणाशीच बोलत नसे. काका सांगत तो शब्द टाइप करायचा, एवढंच.

दोन वर्षांनी काकांच्या निवृत्तीला आठवडा उरला. निरोपाला कंपनी जाकीट देणार होती. नव्या साहेबांनी टेप मागवली, शेडमध्ये सगळ्यांसमोर काकांना हात वर करायला लावले, छाती मोजली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "स्मॉल टाका."

काकांचे हात वरच राहिले. मग ते सावकाश खाली आले. गुडघ्यापर्यंतचे शर्ट घातलेली सगळी माणसं जमिनीकडे बघत होती.

"टाकलं का?" साहेबांनी विचारलं.

त्या शेडमध्ये माझा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. मलाही तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"नाही सर. काकांना लार्ज."